अर्धवट कामाची चिठ्ठी : ॲलन ट्युरिंग

ओडिशातील गंजाम जिल्ह्यात, समुद्रापासून फार दूर नाही अशा ठिकाणी छत्रपूर हे गाव वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख मद्रास इलाख्यात मोडत असे आणि ज्युलियस मॅथिसन ट्युरिंग नावाचे सनदी अधिकारी तेथे नेमणुकीवर होते. त्यांच्या पत्नी एथेल सारा या मद्रासकडील रेल्वेचे मुख्य अभियंता एडवर्ड स्टोनी यांच्या कन्या. त्यांचा जन्मही दक्षिण भारतात, पोदनूर येथे झालेला. दुसऱ्या अपत्याची चाहूल लागली तेव्हा हे दांपत्य छत्रपुरात होते. बाळंतपणासाठी ते इंग्लंडला गेले आणि २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये ॲलन मॅथिसन ट्युरिंग यांचा जन्म झाला.

वडिलांची नोकरी हिंदुस्थानात, मुलांचे संगोपन इंग्लंडात, असा त्या काळातील अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरांचा रिवाज होता. ॲलन वर्षाचा होतो न होतो तोच वडील कामावर परतले आणि काही महिन्यांनी आईही गेली. ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांना समुद्रकाठच्या एका गावी निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आले. आईवडील रजेवर येत, घर पुन्हा उभे राही आणि रजा संपताच मोडे. नोकरीच्या निमित्ताने आपला प्रांत सोडून दूरच्या राज्यांत स्थिरावलेल्या कुटुंबांना ही ताटातूट समजावून सांगण्याची गरज नाही. बदलीचा कागद आला की चालू वर्ग, चालू पुस्तक, चालू मैत्री मध्येच थांबते. पुढे ती कोठून सुरू करायची, याची नोंद मुलाला स्वतःच मनात ठेवावी लागते. ॲलनच्या बालपणाचा बराचसा भाग असा थांबण्यात आणि पुन्हा सुरू होण्यात गेला.

१९२६ साली, चौदावे वर्ष पूर्ण होण्याच्या बेतात असताना, त्याला शेरबर्न येथील निवासी शाळेत घालण्यात आले. सत्राच्या आरंभीच देशव्यापी संप झाला आणि आगगाड्या बंद पडल्या. ॲलनने साउदम्प्टन बंदरातून आपली सायकल काढली, वाटेत एका खाणावळीत रात्र काढली आणि सुमारे ९५ किलोमीटर अंतर कापून तो शाळेत हजर झाला. शाळेत मात्र त्याचे फारसे कौतुक झाले नाही. अक्षर वाईट, वह्या अस्वच्छ, अभिजात भाषांत रस नाही आणि गणितात पायऱ्या न लिहिता थेट उत्तर, अशी त्याच्याविषयी शिक्षकांची तक्रार असे. त्याला खऱ्या अर्थाने समजून घेणारा एक सहाध्यायी भेटला, क्रिस्टोफर मॉर्कम. दोघे गणित, रसायनशास्त्र आणि ग्रहताऱ्यांविषयी बोलत. १३ फेब्रुवारी १९३० रोजी क्षयाने मॉर्कमचा मृत्यू झाला. एका तल्लख मुलाच्या मनात जे काही साठले होते ते शरीराबरोबर नाहीसे होते का, की त्याची काही नोंद कोठे उरते, हा प्रश्न त्या दिवसापासून ॲलनच्या मनात घर करून राहिला. मन आणि यंत्र यांच्याविषयीचे त्यांचे पुढील सारे चिंतन याच दुःखाच्या मुळाशी जाऊन पोहोचते, असे त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकांना वाटते.

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच कॉलेजचे फेलो झाले. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून त्यांच्यापुढे जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांचा एक प्रश्न आला. गणितातील कोणतेही विधान सिद्ध करता येईल की नाही, हे ठरवणारी एखादी ठरावीक, यांत्रिक पद्धत असू शकते का? ट्युरिंग यांनी आधी विचारले की, यांत्रिक पद्धत म्हणजे नेमके काय? उत्तर शोधण्यासाठी त्यांनी यंत्राकडे पाहिले नाही. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणाऱ्या माणसाकडे पाहिले.

त्या काळी इंग्रजीतील कॉम्प्युटर हा शब्द माणसासाठी वापरला जाई. मराठीत ही सोय आपोआप झाली आहे: हिशेब करणारा माणूस तो गणक आणि यंत्र तो संगणक. १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ट्युरिंग यांनी या गणकाचे काम अगदी लहान पायऱ्यांत फोडून दाखवले. गणक चौकटी आखलेल्या कागदावरील एक चिन्ह पाहतो, मनाच्या स्थितीनुसार ते बदलतो, शेजारच्या चौकटीकडे वळतो. पण मनाची स्थिती ही धूसर गोष्ट झाली. ती गणितात कशी बसवायची? यावर त्यांनी काढलेली तोड फार साधी होती. गणकाला मध्येच उठून जावे लागले, आणि परत येईपर्यंत तो सारे विसरून जाणार असेल, तर त्याने काय करावे? पुढे काम कसे चालवायचे याची एक चिठ्ठी लिहून ठेवावी. चिठ्ठी पूर्ण असेल तर तो स्वतः, किंवा त्याच्या जागी आलेला दुसरा कोणीही, काम बिनचूक पुढे नेऊ शकेल. प्रत्येक पायरीनंतर उठायचे ठरवले तरी उत्तर बदलणार नाही. याचाच अर्थ असा की, मनाच्या स्थितीची जागा ती चिठ्ठी घेऊ शकते. कागदावरील आकडे आणि ही चिठ्ठी मिळून त्या क्षणीची कामाची संपूर्ण अवस्था होते. तिच्याबाहेर काहीही उरत नाही.

या निबंधाने हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर दिले. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनीही वेगळ्या मार्गाने तोच निष्कर्ष काढला होता. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ट्युरिंग यांनी प्रिन्स्टन येथे १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. निबंधातील आणखी एक कल्पना भविष्याकडे झेपावणारी होती. दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन वाचून त्याचे काम हुबेहूब करणारे एकच सार्वत्रिक यंत्र असू शकते, हे त्यांनी दाखवले. आजचा संगणक हा त्याच कल्पनेचा वंशज आहे आणि त्याच्यावर एकाच वेळी दहा कामे चालू दिसतात, ती त्या चिठ्ठीच्या बळावर.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. मोबाइलवर गाणे वाजत असते, नकाशा वाट दाखवत असतो, मध्येच संदेश येतो. ही सारी कामे एकाच वेळी चालली आहेत असे भासते. प्रत्यक्षात प्रोसेसरचा प्रत्येक गाभा साधारणपणे एका क्षणी एकाच कामावर असतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्याचा व्यवस्थापक. तो एका कामाला सेकंदाचा अगदी छोटा अंश देतो, घड्याळाचा इशारा होताच त्याला थांबवतो आणि दुसऱ्याला बसवतो. थांबलेल्या कामाला आपण थांबलो होतो याचा पत्ताही लागत नाही. कारण व्यवस्थापकाने त्याला उठवण्यापूर्वी त्याची चिठ्ठी लिहून घेतलेली असते: कोणत्या आज्ञेपर्यंत आलो, आणि प्रोसेसरच्या आत हाताशी असलेल्या इवल्याशा जागांमध्ये, म्हणजे रजिस्टरांमध्ये, कोणते आकडे होते. पाळी पुन्हा आली की ही चिठ्ठी जशीच्या तशी वाचून आकडे जागच्या जागी ठेवले जातात. चिठ्ठीतला एक आकडा जरी सुटला तरी चूक होते, आणि ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

ट्युरिंग यांचे आयुष्य मात्र या वळणावर गणितापासून दूर गेले. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा नावाच्या यंत्रातून सांकेतिक रूप घेऊन निघत. या यंत्राच्या प्रत्येक कळीबरोबर आतली चक्रे सरकत आणि पुढच्या अक्षराचा संकेत बदले. संदेश वाचायचा तर चक्रांची आरंभीची मांडणी नेमकी ठाऊक हवी. म्हणजे येथेही सारा खेळ यंत्राच्या त्या क्षणीच्या अवस्थेचाच होता. मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की या पोलिश गणितींनी युद्धाआधीच एनिग्माचा भेद केला होता आणि आपले ज्ञान ब्रिटिशांच्या हवाली केले होते. त्या पायावर ट्युरिंग यांनी बॉम्ब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शोधयंत्राची रचना केली. गॉर्डन वेल्चमन यांनी तिच्यात मोलाची सुधारणा सुचवली. संदेशातील एखाद्या अंदाजित मजकुराच्या आधारे हे यंत्र अशक्य मांडण्या झपाट्याने बाद करत जाई. अटलांटिक महासागरात पाणबुड्या ब्रिटनची रसद बुडवत असताना नौदलाच्या एनिग्माचे अवघड काम ट्युरिंग यांच्याकडे होते. माणसे आणि साधने अपुरी पडू लागली, तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले आणि चर्चिल यांनी तातडीने हवे ते पुरवण्याचा आदेश दिला.

युद्ध संपल्यावर या कामाविषयी अवाक्षरही काढण्याची कोणाला मुभा नव्हती. ट्युरिंग यांना सरकारी सन्मान मिळाला, परंतु तो कशासाठी हे त्यांच्या आईलाही सांगता येत नव्हते. १९४५ मध्ये ते लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गेले आणि एका इलेक्ट्रॉनिक संगणकाचा आराखडा करू लागले. एसीई असे त्याचे नाव होते. या आराखड्यात १९३६ ची चिठ्ठी प्रत्यक्ष यंत्रात उतरलेली दिसते. मोठ्या कामाच्या मध्ये एखादे लहान पोटकाम करून यावे लागले, तर परतीचा पत्ता कोठे ठेवायचा? ट्युरिंग यांनी त्यासाठी दोन आज्ञा कल्पिल्या. एक परतीचा पत्ता स्मृतीत पुरून ठेवी, दुसरी तो उकरून काढी. पोटकामाच्या पोटात आणखी पोटकाम निघाले तरी शेवटी पुरलेला पत्ता आधी बाहेर येई आणि वाट चुकत नसे. आज प्रत्येक संगणकात ही सोय असते.

याच प्रयोगशाळेत त्यांना दुसरा प्रश्न भेटला, आकड्यांच्या अचूकतेचा. विज्ञानातील संख्या फार मोठ्या किंवा फार लहान असतात. पृथ्वीपासून सूर्याचे अंतर सुमारे १५,००,००,००० किलोमीटर, तर हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे ०.०००००००००१ मीटर. ठरावीक घरांच्या वहीत या दोन्ही संख्या एकाच मापाने मांडायच्या, तर दशांश चिन्ह जागचे हलू द्यावे लागते: महत्त्वाचे अंक एकीकडे आणि चिन्ह किती घरे सरकवायचे तो आकडा दुसरीकडे. या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे तरत्या बिंदूची पद्धत म्हणतात. बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे यांनी १९४१ च्या आपल्या यंत्रात ती वापरली होती. अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन यांना मात्र ती यंत्रात आणणे फायद्याचे वाटत नव्हते. घरे मर्यादित असल्यामुळे प्रत्येक आकडेमोडीत शेवटचे अंक छाटावे लागतात. लाखो पायऱ्यांत या छाटाछाटीच्या चुका साचून उत्तर निरुपयोगी होईल, अशी भीती मोठमोठ्या गणितींना वाटत होती.

प्रयोगशाळेत १८ समीकरणांचा एक संच सोडवायला आला. ट्युरिंग, जेम्स विल्किन्सन आणि त्यांचे दोन सहकारी हाताने चालवायची गणनयंत्रे घेऊन बसले. भीतीप्रमाणे उत्तर बिघडायला हवे होते. ते आश्चर्य वाटावे इतके अचूक निघाले. असे का झाले, याचा शोध ट्युरिंग यांनी घेतला आणि १९४८ मध्ये त्यावर निबंध लिहिला. समीकरणे मुळातच किती नाजूक आहेत हे मोजणारा एक अंक त्यांनी त्यात मांडला. तो आजही त्यांनी दिलेल्या नावानेच शिकवला जातो. विल्किन्सन यांनी पुढे तरत्या बिंदूच्या चुकांचे शास्त्र उभे केले आणि त्यांना १९७० मध्ये जो पुरस्कार मिळाला तो ट्युरिंग यांच्याच नावाचा होता.

एसीईचे काम कार्यालयीन दिरंगाईत रुतले. कंटाळलेल्या ट्युरिंग यांनी मन दुसरीकडे वळवले. ते लांब पल्ल्याचे उत्तम धावपटू होते. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. १९४८ मध्ये प्रयोगशाळा सोडून ते न्यूमन यांच्या बोलावण्यावरून मँचेस्टर विद्यापीठात गेले. त्यांच्या मागे उरलेल्या मंडळींनी त्यांच्या आराखड्याची लहान आवृत्ती उभारली आणि मे १९५० मध्ये ती चालू झाली. काम सोडून गेलेल्या गणकाची चिठ्ठी वाचून दुसऱ्यांनी ते पुढे नेले, असेच याचे वर्णन करता येईल.

मँचेस्टरच्या काळात त्यांनी तेथील संगणकासाठी कार्यक्रम लिहिण्याची मार्गदर्शिका तयार केली. १९५० मध्ये यंत्र विचार करू शकेल का, या प्रश्नावरचा त्यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. १९५१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. वाघाच्या अंगावरचे पट्टे, सूर्यफुलातील बियांच्या वलयांची रचना, अशा आकृती सजीवांत कशा उमटतात याचे गणित त्यांनी १९५२ मध्ये मांडले आणि त्याची आकडेमोड मँचेस्टरच्या संगणकावर केली. त्या यंत्रात तरत्या बिंदूची सोय नव्हती. आकड्यांचे माप सांभाळण्याचा भार कार्यक्रम लिहिणाऱ्यावरच असे.

त्याच वर्षी त्यांच्यावर खटला झाला. समलिंगी संबंध हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता आणि ट्युरिंग यांनी पोलिसांपासून काही लपवले नाही. तुरुंगवास की संप्रेरकांचे उपचार, असा पर्याय न्यायालयाने ठेवला. त्यांनी एक वर्षाचे उपचार पत्करले. त्यांचे गुप्त कामाचे परवाने गेले. ज्याने देशाचे रक्षण करण्यात मोठा वाटा उचलला त्याला देशाच्याच कायद्याने अशी वागणूक दिली आणि युद्धातील कामगिरी गुप्त असल्यामुळे ती कोणी न्यायालयात सांगूही शकले नाही. ७ जून १९५४ रोजी, बेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे असताना, सायनाइडच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निर्णय देण्यात आला. फुलापानांच्या मांडणीवरचे त्यांचे संशोधन टेबलावर अर्धवट राहिले. त्यांची हस्ताक्षरातील टिपणे वाचणे कठीण होते. तरी ती जपली गेली आणि १९९२ मध्ये त्यांच्या संकलित लेखनात छापली गेली.

त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, मँचेस्टर येथेच ॲटलास हा संगणक सुरू झाला. तरत्या बिंदूची आकडेमोड त्याच्या यंत्रणेतच होती आणि अनेक कार्यक्रम आळीपाळीने चालवणारा त्याचा पर्यवेक्षक कार्यक्रम आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिमचा एक आद्य नमुना मानला जातो. बाहेरून इशारा आला की पर्यवेक्षकाची तातडीची कामे फक्त स्वतःसाठी राखून ठेवलेली मोजकी रजिस्टरे वापरत, म्हणजे चालू कार्यक्रमाच्या आकड्यांना धक्का लागत नसे. आजच्या अनेक ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या कामात तरत्या बिंदूची रजिस्टरे शक्यतो वापरत नाहीत, त्यामागेही हाच विवेक आहे.

घराघरांतील संगणकात ही आकडेमोड आली ती १९८० मधील इंटेलच्या ८०८७ या जोडचिपमुळे. तिचे नियम ठरवण्यात विल्यम कहान या गणितींचा मोठा वाटा होता आणि त्याच प्रयत्नांतून १९८५ चे आंतरराष्ट्रीय प्रमाण आकाराला आले. या चिपमध्ये ८० बिटांची आठ रजिस्टरे होती. शिवाय छाटणी कोणत्या दिशेने करायची हे सांगणारी आणि आधीच्या आकडेमोडीत काय बिघडले हे नोंदवणारी खास जागा होती. हे सारे मिळून कार्यक्रमाची तरत्या बिंदूची अवस्था होते. चिठ्ठीत केवळ आकडे उतरवून भागत नाही. एका कार्यक्रमाने छाटणीची दिशा बदलली आणि ती दुसऱ्याच्या पाळीत तशीच राहिली, तर दुसऱ्याचे उत्तर विनाकारण चुकेल. ही पूर्ण चिठ्ठी तेव्हा ९४ बाइटांची होती. पुढे रजिस्टरे वाढली, तशी ती ५१२ बाइटांची झाली आणि आजच्या मोठ्या प्रोसेसरांवर दोन हजार बाइटांच्या पुढे गेली आहे.

प्रत्येक पाळीला एवढी चिठ्ठी लिहिणे खर्चाचे होते आणि पूर्वी तरत्या बिंदूचा वापर करणारे कार्यक्रमही थोडेच असत. म्हणून एक युक्ती निघाली. शाळेतील फळ्याचे उदाहरण घेतले तर ती चटकन समजते. गणिताचा तास संपला, फळा आकड्यांनी भरलेला आहे. पुढचा तास कवितेचा. बाईंना खडूची गरज नाही. मग फळा उतरवून घेण्याची आणि पुसण्याची घाई कशाला? त्यावर पडदा ओढून ठेवावा. एखाद्या तासाला कोणी खडू उचललाच, तर तेव्हा आधीचे गणित वहीत उतरवून फळा मोकळा करावा. प्रोसेसरमध्ये हा पडदा म्हणजे एक छोटी खूण असे. नव्या कार्यक्रमाने तरत्या बिंदूच्या रजिस्टरला हात लावताच प्रोसेसर थांबे, ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारी आणि मग चिठ्ठ्यांची अदलाबदल होई. संगणकशास्त्रात या पद्धतीला चक्क आळशी पद्धत असे नाव आहे. तिने बरीच वर्षे वेळ वाचवला आणि कोणाचे काही बिघडले नाही.

दरम्यान काळ बदलला. हीच रजिस्टरे चित्रे, ध्वनी, मजकुराची नक्कल आणि गुप्तलेखन यांसाठीही वापरली जाऊ लागली. जवळजवळ प्रत्येक तासाला खडू लागू लागला, तेव्हा आळसात फायदा उरला नाही. त्यातच जून २०१८ मध्ये जाहीर झाले की, इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत हा पडदा पारदर्शक आहे. हे प्रोसेसर वेग साधण्यासाठी पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून पाहतात. पडद्यामागचे आकडे अशा अंदाजी कामात क्षणभर वापरले जात आणि मागे राहिलेल्या खुणांवरून एक कार्यक्रम दुसऱ्याचे आकडे ताडू शके. त्या आकड्यांत गुप्तलेखनाच्या किल्ल्याही असू शकत होत्या. काही ऑपरेटिंग सिस्टिमनी आळशी पद्धत आधीच सोडली होती. उरलेल्यांनी आता ती सोडली. प्रत्येक पाळीला फळा उतरवून घ्यावा आणि पुढच्याचे आकडे लगेच मांडावे, हा नियम झाला.

ज्या गणितीने युद्धात शत्रूच्या किल्ल्या शोधल्या आणि ज्याने अर्धवट कामाची चिठ्ठी पूर्ण असावी असा आग्रह धरला, त्याच्या दोन्ही चिंता अशा रीतीने एकाच जागी येऊन भेटल्या. चिठ्ठी अपुरी असेल तर काम बिघडते. आणि ती वेळेवर उचलून ठेवली नाही तर दुसऱ्याच्या हाती लागते.

ब्लेचली पार्कची हकिगत १९७४ पासून हळूहळू उजेडात आली. २००९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी ट्युरिंग यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल सरकारच्या वतीने क्षमा मागितली आणि २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर राजमाफी मिळाली. २०२१ मध्ये, त्यांच्या जन्मदिनी, त्यांचे चित्र असलेली ५० पौंडांची नोट चलनात आली. हे सारे त्यांच्या कानी पडण्याच्या कितीतरी उशिरा झाले. थांबवलेल्या प्रोसेसरला पुन्हा सुरू करता येते. थांबवलेल्या माणसाला नाही. म्हणून वेगळ्या वाटेने चालणाऱ्या मुलाला समाजाने आणि शाळेने वेळीच सांभाळायला हवे, हा त्यांच्या चरित्राचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा त्यांच्या चिठ्ठीचा आहे. शाळा हीसुद्धा पाळीपाळीने चालणारी संस्था आहे. साठ वर्षांत शिक्षक बदलतात, विद्यार्थी बदलतात, चालक बदलतात. कोणाचेच काम त्याच्या हयातीत पुरे होत नाही. जाणाऱ्याने आपले काम कोठवर आले हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि येणाऱ्याने ते लक्षपूर्वक वाचले, तर मध्ये कितीही खंड पडला तरी उत्तर चुकत नाही. ट्युरिंग यांनी हे १९३६ मध्ये मांडले. आज जगातील प्रत्येक संगणक दर सेकंदाला ते पाळून दाखवतो आहे.